वीतभर वरून

१३ मार्च १९८३, रविवार

आज दोन भाडेकरू परत पाठवले. एकाला विचारलं, नाईल नदी कुठून निघते, तर म्हणाला हिमालयातून. दुसऱ्याला अप्पर व्होल्टाची राजधानी विचारली, तर ते एखाद्या गोळीचं नाव असावं अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघत बसला. दोघेही सरकारी नोकर. नवीन जिल्हा झाला म्हणून दोघांची इथे बदली झालेली. असल्या लोकांच्या हातात जिल्हा देऊन ठेवलाय.

चंद्रप्रभा म्हणाली, "अहो, खोली भाड्याने द्यायचीय का पोरं मॅट्रिकला बसवायचीत?"

मी म्हणालो, आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे आहोत हे ज्याला ठाऊक नाही, तो माझ्या परसात राहणार नाही. पंचवीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला तो काय हवेत गेला?

लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष नाही झालं. आधी एका शिक्क्यासाठी उस्मानाबादची एसटी पकडावी लागायची, आता सगळं उस्मानाबाद इथेच येऊन बसलंय. रोज नवी पाटी लागते. पाऊस झाला नाही, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं तेही करंगळीएवढं, पण पाट्यांचा रंग काही आटत नाही.

१७ मार्च

खोली गेली. नवरा-बायको आहेत, नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचे. साहेबराव औशाकडे एका शाळेत मास्तर, आणि त्यांची बायको पंचफुला नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. नेहमीप्रमाणे तीन प्रश्न ठरलेले होते. दोन खंडांत पसरलेला देश कोणता? साहेबराव तुर्कस्तान म्हणाले. पंचफुलाबाई म्हणाल्या, "इजिप्त बी हाय ना सर? सिनाई तर आशियात येतं."

मी खुर्चीत सरळ बसलो. सिनाई. पंचवीस वर्षांत एकाही मुलाने हे उत्तर मला दिलं नव्हतं. उरलेले प्रश्न विचारलेच नाहीत, किल्ली देऊन टाकली. चंद्रप्रभा मागे उभी राहून हसत होती. हसू दे.

२४ मार्च

आडाला पाणी आहे, ही या उन्हाळ्यातली आमची श्रीमंती. सगळी गल्ली टँकरच्या मागे धावते, आमच्या परसात मात्र रहाटाचा आवाज चालू असतो. आत, चिऱ्यांवर मी चुन्याने खुणा ओढून ठेवल्यात. आज पाणी तिसऱ्या खुणेवर.

पंचफुलाबाई सकाळी पाणी शेंदत होत्या. त्यांनी त्या खुणा कशाला म्हणून विचारलं, आणि मला काय, तेवढं निमित्त पुरलं. इजिप्तला मी अजूनही मिसरच म्हणतो. निजामाच्या राज्यात आमचा भूगोल उर्दूतून झाला, ते जिभेवरून जात नाही. सांगितलं की मिसरचे लोक नाईलच्या काठावर पायऱ्या बांधून त्यांवर अशाच खुणा करत. पूर कुठवर चढला ते त्यावरून बघत.

"म्हंजी पीकपाणी कळायचं?"

"पीक नंतर. आधी सारा किती घ्यायचा ते कळायचं."

त्या खूप हसल्या. पुढे काळजाची गोष्टही सांगितली. माणूस मेला की त्याचं काळीज तराजूत घालायचे, दुसऱ्या पारड्यात एक पीस. आणि मेलेल्याला देवांपुढे एकेक गोष्ट सांगावी लागे: मी चोरी केली नाही, मी कोणाला रडवलं नाही, मी वाहतं पाणी अडवलं नाही.

"पानी बी?" त्यांनी हातातला दोर तसाच धरून ठेवला. "मंग आमच्या गावचं कोणी बी पास व्हायचं न्हाई सर."

काय हजरजबाबी बाई आहे. दिवसभर आठवून हसत होतो.

२ एप्रिल

एक मे रोजी कचेऱ्या-कचेऱ्यांमध्ये सामान्यज्ञानाची स्पर्धा ठरली आहे, नव्या जिल्ह्याचा पहिला महाराष्ट्र दिन म्हणून. प्रश्न काढायला आणि मंचावरून विचारायला मला बोलावलं. बोलावणारच. दुसरं आहे कोण गावात?

संयोजक म्हणाले, सर, जरा सोपे काढा, सिनेमाचे दोन-चार टाका. मी त्यांना म्हणालो, मग एखाद्या थिएटरच्या डोअरकीपरला बोलवा. चिडले. चिडले तर चिडले. आफ्रिकेतले देश, आशियातल्या सरहद्दी, आणि शेवटचा सगळा भाग प्राचीन मिसर. कागद पाकिटात घालून लाखेने बंद करून दिला. आता त्यात काना-मात्रा बदलता येणार नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

यंदा पाडवा आजच. पुढच्या दारी मी गुढी उभारत होतो आणि परसातून साहेबराव पांढरे कपडे घालून आणि पंचफुलाबाई पांढरं पातळ नेसून बाहेर आले. मी विचारलं, पाडव्याच्या दिवशी पांढरं? साहेबराव म्हणाले, "आज जयंती हाय ना सर. मिरवणुकीला निघालो."

मला एक क्षण काही कळलंच नाही. समोरचे किशनराव कट्ट्यावर बसून हे ऐकत होते. ते दोघे वळणावरून दिसेनासे झाल्यावर म्हणाले, "तुमाला म्हाईत न्हवतं व्हय अनंतराव? समद्या गल्लीला म्हाईत हाय. भिंतीवर फोटो हाय की त्यायच्या."

संध्याकाळी पंचफुलाबाईंनी वाटीभर खीर आणून दिली. चंद्रप्रभाने तिथेच उभ्याने खाल्ली आणि वाटीत श्रीखंड घालून परत दिली. माझं पोट बरं नव्हतं.

१५ एप्रिल

हे एकदाच नीट लिहून ठेवतो. मी जातपात मानत नाही. माझ्या वर्गात सगळी मुलं एका बाकावर बसली. बौद्ध धर्माचा इतिहास या गावात माझ्याइतका कोणी शिकवला असेल तर दाखवा. मला राग आलाय तो फसवणुकीचा. महिना होत आला, रोज आडाकाठी उभं राहून बोलणं होतं, आणि एका शब्दाने सांगू नये?

चंद्रप्रभाला म्हणालो, त्यांनी आपण होऊन सांगायला हवं होतं.

"तुम्ही विचारलं कुठं?" ती म्हणाली. "तुम्ही तर सिनाई विचारलात."

सिनाई मी विचारलंच नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं. पण हिच्याशी वाद कोण घालणार?

१७ एप्रिल

व्यवस्था लावून टाकली. विषय केवळ आरोग्याचा आहे. दुष्काळात पाणी खाली जातं, गढूळ होतं, रोग पसरतात, हे भूगोलातच आहे. म्हणून आडाच्या दोराला यापुढे एकाच घरचे हात लागतील. चंद्रप्रभा पाणी शेंदेल आणि भाडेकरूंच्या हंड्यात ओतेल. त्यांना पाणी कमी पडणार नाही, उलट त्यांचे कष्ट वाचतील. दोघांना बोलावून शांतपणे समजावून सांगितलं. दोराला चार हात लागले की पाणी बिघडतं, म्हणालो.

साहेबराव माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलणार होते, पण पंचफुलाबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला. म्हणाल्या, "हाव सर."

एवढंच. मी एक-दोन कारणं आणखी सांगणार होतो, ती राहून गेली.

पाणी तिसऱ्या खुणेवर. पण कधीही खाली जाऊ शकतं.

१९ एप्रिल

सकाळी मी स्वतः उभा राहून व्यवस्था पाहिली. चंद्रप्रभाला ओतताही येत नाही. पोहरा सरळ त्यांच्या हंड्यावर टेकवला. मी म्हणालो, लागू देऊ नकोस, वीतभर वरून धर. तिने वर धरला, तर निम्मं पाणी जमिनीवर. या दिवसांत पाण्याचा असा नास बघवत नाही. मी बोललो. ती एकदाही वर पाहीना, आणि पंचफुला तर तिसरीकडेच बघत उभी, जसं काही हंडा तिचा नव्हेच.

मधेच मन्मथ दूधवाला आला. नेहमीप्रमाणे पोहरा घेतला, एक बादली शेंदून म्हशीपुढे ठेवली आणि चालता झाला. त्याचं ते वर्षानुवर्षांचं आहे. पंचफुलाने म्हशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय बघायचं होतं कोण जाणे.

२२ एप्रिल

आमच्या आडाचं पाणी नेणं त्यांनी बंद केलं. टँकरच्या रांगेत उभे राहतात. दारात गार, गोड पाणी असताना त्या गंजक्या टाकीतलं डिझेलच्या वासाचं पाणी भरतात. याला काय म्हणायचं? माणसाने चांगुलपणा तरी किती करायचा? मी त्यांच्यावर अन्याय केला असता तर गोष्ट वेगळी. मी पाणी नाही म्हणालो नाही. एकदाही नाही म्हणालो नाही.

नाहीतरी आता उघडा ठेवायचं कारण उरलं नाही, म्हणून आडावर फळ्यांचं झाकण करून कुलूप घातलं. धूळ जायला नको. चावी खुंटीवर. मन्मथला सकाळी काढून देतो.

२६ एप्रिल

आज माझी मान खाली गेली. गल्लीच्या तोंडाशी टँकर लागला होता आणि त्या भांडणाऱ्या बायकांच्या रांगेत, पंचफुलाच्या मागे, घागर घेऊन माझी बायको उभी. घरात आड असलेली, या गावातल्या निम्म्या वकील-डॉक्टरांच्या मास्तरची बायको.

घरी आल्यावर विचारलं, हे काय करून राहिलीस? चावी खुंटीला आहे ना?

"ती तुमची चावी हाय," म्हणाली. ती अशी बोलत नाही. तिकडच्या सोबतीने भाषाही बदलली.

तिने कोपऱ्यात आपली घागर वेगळी मांडली आहे. माझ्यासाठी आडाचं शेंदते, स्वयंपाक आणि तिचं पिणं त्या टँकरच्या पाण्यावर. म्हणजे मी वरण खातो तेही टँकरचंच. मी बोललो, पुष्कळ बोललो, किशनराव बाहेर येऊन उभे राहीपर्यंत बोललो. ती ऐकून घेत राहिली. मग विचारते कशी,

"तुमच्या त्या मिसरमध्ये बायकांचंही काळीज तोलत होते का हो?"

इतक्या वर्षांत तिने माझ्या विषयातलं पहिल्यांदा काही विचारलं. माझा राग निम्मा उतरला. मी बैठक मारून समजावून सांगितलं की हो, तोलत होते, तिथे बायकांना पुष्कळ मान होता, त्यांच्या नावावर जमीन असे, त्यांना कोर्टात उभं राहता येई. मेल्यावर प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं, नवऱ्याचं बायकोला चालायचं नाही.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि घागर घासायला बसली.

१ मे, रविवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सभागृह भरलेलं. शेवटी दोनच संघ उरले, कलेक्टर कचेरी आणि एसटी. बरोबरीत. कलेक्टर कचेरीकडून पंचफुला. मी पाकिटातला शेवटचा प्रश्न काढला. महिनाभरापूर्वी लिहिलेला, माझ्या सर्वांत आवडीचा. वाचायला उभा राहिलो. टेबलावरच्या तांब्यातलं पाणी प्यायलो आणि वाचला: प्राचीन इजिप्तमध्ये मृताला देवांपुढे आपण काय काय केलं नाही ते सांगावं लागे, त्यात पाण्याविषयी तो काय सांगे?

एसटीवाल्याने, पाणी वाया घालवलं नाही, असं सांगितलं. चूक.

पंचफुला उठून उभी राहिली. आधी पदर सारखा केला. मला वाटलं विसरली, आणि खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. मग म्हणाली,

"मी पाणी अडवलं न्हाई, असं."

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या शेजारी गुण मांडणाऱ्या परीक्षकाकडे बघून सांगितलं. मी म्हणालो, बरोबर.

आणि मागच्या रांगांतून हशा पिकला. आमच्या गल्लीतले सगळे तिथे बसले होते. एकाने हसायला सुरुवात केली आणि ते पसरत मंचापर्यंत आलं. यात हसण्यासारखं काय होतं? तीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृतीवरचा गंभीर प्रश्न. या गावाला अजून शंभर जिल्हे दिले तरी अक्कल येणार नाही. त्या बाईला हे मी शिकवलं होतं, माझ्या आडाकाठी उभं राहून, मी. याची जाणीव एकाला तरी होती का? तिने सांगायला नको होतं का, हे मला सरांनी सांगितलं म्हणून?

चंद्रप्रभा बायकांच्या बाजूला बसली होती. ती हसत नव्हती. तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे डोळे भरलेले दिसले. माझा अपमान झाला याचं तिला तरी वाईट वाटलं.

३ मे

चंद्रप्रभा आज बहिणीकडे नांदेडला गेली. कधी येणार विचारलं तर म्हणाली, पाऊस पडला की. जाताना एसटीवर पोहोचवायला मी निघालो, तर साहेबराव तिची पिशवी घेऊन आधीच गेटपाशी उभे. मी घरात परत आलो.

भाकरी-भाजी किशनरावांकडून येते. तिची घागर ती पालथी घालून गेली आहे.

५ मे

झाकणाचं कुलूप काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पाणी शेंदायला उभा राहिलो. दिसतं तेवढं सोपं नाही. दोराचं टोक खांबाला बांधायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. पोहरा भरला, जड झाला, हात भाजला आणि दोर सरसर निघून गेला. दोरासकट पोहरा आडाच्या तळाशी.

किशनरावांकडे गळ मागायला गेलो. गल्लीत कोणाचंही भांडं आडात पडलं की त्यांचाच गळ नेतात. म्हणाले, "आमचा कवाच तुटला. आता गल्लीत एकच हाय, साहेबरावांपाशी. तुमच्याच परसात तर हाय, मागून घ्या की."

ते तोंड वळवून हसले हे मला दिसलं.

साहेबरावांच्या खोलीला दिवा होता. दारापर्यंत गेलो आणि परत आलो. काय म्हणणार? दोराला एकाच घरचे हात लागतील म्हणालो होतो. बाजार आज बंद, नवा दोर उद्या दुपारशिवाय मिळणार नाही. घरात तांब्याभर पाणी आहे.

पाणी तिसऱ्या खुणेवर. कंदील धरून पाहिलं, खूण स्पष्ट दिसते.

६ मे

मन्मथची म्हैस आज तहानलेलीच गेली. त्याने मलाच सुनावलं, आड असून पाणी न्हाई म्हंता, म्हणाला. दूधवाल्यानेसुद्धा बोलावं.

टँकर आला तेव्हा चंद्रप्रभाची घागर उचलली आणि गेलो. ऊन डोक्यावर. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघून गप्प झाल्या, ते त्या हसल्या असत्या त्यापेक्षा वाईट होतं. माझ्या पुढे पंचफुला. तिने एकदा मागे वळून पाहिलं. हंडा भरून बाजूला झाली.

टँकरवाल्याने नळी माझ्या हातात कोंबली. पाणी एवढ्या जोराने येतं याची कल्पना नव्हती. पायावर, धोतरावर, रस्त्यावर, घागर सोडून सगळीकडे. बायका ओरडू लागल्या, सांडू नका, सांडू नका. पंचफुलाने आपला हंडा खाली ठेवला. माझ्या हातातून नळी घेतली आणि घागरीवर धरली.

वीतभर वरून धरली. नळीचं तोंड घागरीच्या काठाला एकदाही लागू दिलं नाही. एक थेंब सांडला नाही. तिला हे इतकं नीट येतं, आणि मी ते बघत उभा होतो.

मी म्हणालो, "लागली तरी चालेल."

"राहू द्या सर," ती म्हणाली. "पानी बिघडतं."

आवाजात राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. राग नव्हता. तिने घागर भरली, नळी पुढच्या बाईला दिली, हंडा डोक्यावर घेतला आणि माझ्याच घराच्या दिशेने चालू लागली. मी मागे. दोघांनाही एकाच फाटकातून आत जायचं होतं. तिने ते माझ्यासाठी उघडं धरलं.

घागर समोर ठेवून बसलोय. तहान लागली आहे, ओठ चिकटलेत, पण राग इतका आलाय की हात तांब्याकडे जात नाही. कुणाला तरी चांगलंच सुनावून मोकळं व्हावंसं वाटतं. घरात मी एकटाच आहे.